संगणकजाळ्यातील मार्गनिर्धारण : स्थिर की गतिमान?

जिल्हा परिषद, पंचायत समिती, महाविद्यालय किंवा ग्रामीण रुग्णालय यांच्या कामकाजात संगणकजाळ्याला आज दूरध्वनीहूनही अधिक महत्त्व प्राप्त झाले आहे. दाखला मिळण्यास, वेतन जमा होण्यास किंवा निकाल उतरवून घेण्यास विलंब झाला की ‘सर्व्हर बंद आहे’ हे उत्तर खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्या नागरिकाच्या कानी पडते. वस्तुतः कित्येकदा सर्व्हर चालूच असतो. त्याच्यापर्यंत जाणारी वाट तेवढी हरवलेली असते. ही वाट माणसाने एकदाच आखून द्यावी, की संगणकांनी आपसात विचारविनिमय करून ती वेळोवेळी ठरवावी, हा या लेखाचा विषय होय. पहिल्या पद्धतीस तंत्रज्ञ स्टॅटिक रूटिंग म्हणतात, दुसरीस डायनॅमिक रूटिंग. त्यांना अनुक्रमे स्थिर व गतिमान मार्गनिर्धारण अशी नावे देता येतील. यंत्रसामग्रीची खरेदी व देखभाल यांचे प्रस्ताव ज्यांच्या मेजावरून जातात, त्या अधिकाऱ्यांना व संस्थाचालकांना या दोहोंतील भेद ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण या निवडीत खर्च होतो तो केवळ पैशाचा नव्हे, तर पुढील अनेक वर्षांच्या मनुष्यबळाचाही.

जाळ्यांच्या या शास्त्राचा मोठा भाग युनिक्स संगणकप्रणालीच्या अंगाने वाढला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी तिचा पाया घातला. सोलारिस, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी या तिच्या वंशातील प्रणाली होत. लिनक्सचा गाभा लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये स्वतंत्रपणे लिहिला असला, तरी त्याची घडण युनिक्सचीच आहे. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक राउटरांच्या पोटातही लिनक्सच असते. त्यामुळे युनिक्समध्ये मार्ग कसा ठरतो हे समजले, की बहुतेक सर्व यंत्रांचा व्यवहार समजला असे म्हणण्यास हरकत नाही.

मार्गसारणी

संगणकातून बाहेर पडणारी माहिती लहान लहान पुडक्यांच्या रूपाने जाते. तंत्रज्ञ त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पोहोचावयाच्या ठिकाणाचा आकडी पत्ता असतो. युनिक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक तक्ता ठेवलेला असतो. त्यास मार्गसारणी म्हणावे. अमुक पत्त्यांचा समूह असेल तर पॅकेट अमुक शेजाऱ्याकडे द्यावे, एवढेच त्यात नमूद असते. संपूर्ण प्रवासाचा नकाशा कर्नलजवळ नसतो व त्याची त्याला आवश्यकताही नसते. पुढचा मुक्काम कळला की त्याचे काम संपते. तेथून पुढे पुढच्याची मार्गसारणी.

टपालखात्याचा पिन कोड ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी हा सहा आकडी संकेत देशात सुरू झाला. दूरच्या राज्यातील सॉर्टिंग कर्मचाऱ्यास ४ हा पहिला आकडा दिसला की पत्र पश्चिमेच्या थैलीत टाकणे पुरते. ४११ म्हणजे पुणे हे पाहण्याची गरज पत्र जवळ आल्यावर पडते. मार्गसारणीतही पत्त्याचा आरंभीचा भाग पाहूनच निर्णय होतो, आणि एकाच पत्त्याला दोन नोंदी लागू पडत असतील तर अधिक नेमकी नोंद, म्हणजे ज्या नोंदीत पत्त्याचा अधिक लांब भाग जुळतो ती, मानली जाते. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे. कोणतीच नोंद जुळत नसेल तर पॅकेट सर्वसाधारण मार्गाने जाते. त्यास डिफॉल्ट रूट असे नाव आहे.

या तक्त्यात नोंदी कोण लिहितो, एवढाच काय तो स्थिर आणि गतिमान यांतील फरक. व्यवस्थापकाने आज्ञा देऊन लिहिल्या तर मार्ग स्थिर. पडद्यामागे अखंड चालणाऱ्या, डीमन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कार्यक्रमाने शेजारच्या यंत्रांशी संवाद साधून लिहिल्या तर मार्ग गतिमान. कर्नल दोहोंचे पालन सारख्याच निष्ठेने करतो. नोंद खरी आहे की खोटी, हे पाहणे त्याचे काम नव्हे.

स्थिर मार्गाचे बळ आणि उणीव

लहान जाळ्यात स्थिर मार्गाइतके सुटसुटीत दुसरे काही नाही. ज्या शाळेतून बाहेर जाणारी तार एकच आहे, तेथील प्रत्येक संगणकास एकच सर्वसाधारण मार्ग सांगितला की काम भागते. त्याला वेगळा कार्यक्रम लागत नाही, शेजाऱ्याशी बोलणी लागत नाहीत, आणि बाहेरच्या कोणी खोटी खबर दिली तरी तो विचलित होत नाही.

जाळे वाढले की स्थिर पद्धत कोलमडते असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. दहा कार्यालये परस्परांशी थेट जोडलेली असून प्रत्येकाने इतर नऊंचे मार्ग हाताने लिहावयाचे असतील, तर एकूण ९० नोंदी होतात. अकरावे कार्यालय आले की आणखी २० नोंदी, त्याही अकरा ठिकाणी. हे काम निर्दोषपणे होणे कठीण. परंतु तीच दहा कार्यालये एका मध्यवर्ती राउटरला जोडली, तर प्रत्येक कार्यालयात एक सर्वसाधारण मार्ग आणि मध्यवर्ती ठिकाणी दहा, अशा अवघ्या २० नोंदी पुरतात व अकराव्या कार्यालयासाठी दोनच वाढतात. पत्त्यांचे वाटप सुरुवातीपासून शिस्तीने केले, उदाहरणार्थ एका जिल्ह्यास १०.२० ने सुरू होणारे सर्व पत्ते दिले, तर राज्यस्तरावर त्या जिल्ह्यासाठी एकच नोंद पुरेल. तात्पर्य, पुष्कळ ठिकाणी गतिमान पद्धतीची जी निकड भासते ती वास्तविक पत्त्यांच्या अव्यवस्थित वाटपातून उद्भवलेली असते.

स्थिर मार्गाचे दोन दोष मात्र व्यवहारात वारंवार आढळतात. एक म्हणजे परतीच्या वाटेचा विसर. जाण्याचा मार्ग लिहिला, पण पलीकडच्या राउटरवर येण्याचा लिहिलाच नाही. पॅकेट पोहोचते, उत्तर मात्र भलतीकडे जाते आणि दोष सर्व्हरच्या माथी येतो. दुसरा दोष अधिक फसवा आहे. आज्ञा देऊन लिहिलेली नोंद कर्नलच्या स्मृतीत असते, तबकडीवर नव्हे. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की ती पुसली जाते. कायमची हवी असल्यास ती आरंभी वाचल्या जाणाऱ्या फाइलीत लिहावी लागते. फ्रीबीएसडीत ही फाइल आरसी डॉट कॉन्फ नावाची आहे, इतर प्रणालींत वेगळ्या नावांची. घाईच्या वेळी दिलेली आज्ञा वर्षभर बिनबोभाट चालते, मग एके दिवशी वीज जाते आणि यंत्र पुन्हा चालू झाल्यावर कार्यालयाचा अर्धा भाग तुटलेला आढळतो. तोवर ती आज्ञा देणाऱ्याची बदली झालेली असते. अशा नोंदींची एक साधी वही कार्यालयात असावी, ही सूचना जुन्या वळणाची वाटली तरी तिला पर्याय नाही.

याखेरीज एक मूलभूत उणीव उरतेच : स्थिर मार्गाला डोळे नसतात. राउटरला लागलेली तार निघाली तर काही प्रणाली ते ओळखून त्या मार्गाचा वापर थांबवतात, काही मुद्दाम सांगितल्याखेरीज थांबवत नाहीत. पण बिघाड दोन टप्पे पलीकडे, रस्त्याच्या खोदकामात केबल तुटून झाला असेल, तर अलीकडची तार शाबूत असल्यामुळे यंत्रास काहीच कळत नाही. ते पॅकेट पाठवीत राहते. पुढे ती नाहीशी होत राहतात. दुसरी वाट उपलब्ध असली तरी तिकडे वळावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

यंत्रांचा आपसातील संवाद

ही उणीव दूर करण्याची खटपट आर्पानेट या अमेरिकन जाळ्यापासून चालत आलेली आहे. १९६९ साली चार ठिकाणे जोडून सुरू झालेल्या या जाळ्यात मार्ग आपोआप ठरविण्याची सोय होती. युनिक्सवर ही सोय सर्वांच्या हाती आली ती बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर. तिच्यात राउटडी नावाचा डीमन होता. त्याने वापरलेला प्रोटोकॉल, म्हणजे संवादाची नियमावली, झेरॉक्स कंपनीच्या पद्धतीवर आधारलेली असून रिप या नावाने ओळखली जाते. प्रत्यक्ष वापर आधी आणि लिखित नियम मागून, असा येथे क्रम घडला. चार्ल्स हेड्रिक यांनी ती नियमावली १९८८ मध्ये लेखनिविष्ट केली.

रिपची रीत सोपी आहे. प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी शेजाऱ्यांना सांगतो, की अमुक जाळे माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहे. ऐकणारा त्यात एक मिळवून आपल्या सारणीत लिहितो. १८० सेकंद शेजाऱ्याकडून काही ऐकू आले नाही तर तो मार्ग बाद समजला जातो. म्हणजे तीन मिनिटे. १९८३ मध्ये ती मोठी गोष्ट नव्हती. आज ऑनलाइन परीक्षा देत असलेल्या विद्यार्थ्याला ती फार मोठी वाटेल.

या ऐकीव ज्ञानात एक खोच आहे. अ, ब आणि क असे तीन राउटर एका ओळीत आहेत असे समजा. क हा ब पासून एक टप्पा दूर, अ पासून दोन. आता ब आणि क यांमधील तार तुटली. ब ला ते कळले. परंतु त्याच क्षणी अ कडून खबर आली, की क माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहे. अ चा तो मार्ग आपल्याच मधून जात होता, हे ब ला ठाऊक नाही. तो विश्वास ठेवतो आणि स्वतःचे अंतर तीन लिहितो. ते ऐकून अ चार लिहितो, मग ब पाच. अस्तित्वात नसलेल्या वाटेचे अंतर असे वाढत जाते आणि दरम्यान पॅकेट दोघांमध्ये चेंडूसारखी टोलवली जातात. ही मोजणी कोठेतरी थांबावी म्हणून रिपने १६ या आकड्यास ‘अनंत’ मानले. त्यामुळे १५ टप्प्यांहून मोठे जाळे रिपला पेलवत नाही. ज्याच्याकडून मार्ग ऐकला त्यालाच तो परत सांगू नये, असा तोडगाही पुढे वापरला गेला. दोघांमधील घोटाळा त्याने टळतो. तीन राउटर वर्तुळात असले की तो पुन्हा उद्भवू शकतो.

म्हणून दुसरी पद्धत पुढे आली. तीत राउटर निष्कर्ष कळवीत नाही, वस्तुस्थिती कळवतो : माझे शेजारी अमुक आणि त्यांच्याशी माझा दुवा चालू आहे. ही माहिती सर्वांकडे पोहोचते, प्रत्येकजण तीवरून संपूर्ण जाळ्याचा नकाशा रचतो आणि डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने सर्वांत जवळचा मार्ग काढतो. ओएसपीएफ हा या पद्धतीचा आज सर्वाधिक परिचित प्रोटोकॉल होय. त्याचे पहिले लिखित रूप १९८९ चे. सामान्यतः दर १० सेकंदांनी शेजाऱ्याची हालहवाल घेतली जाते व ४० सेकंद उत्तर न आल्यास तो गेला असे धरले जाते. गरजेप्रमाणे हे काल आणखी कमी करता येतात. युनिक्सवर हे काम करणारे बर्ड व एफआरराउटिंग हे कार्यक्रम मुक्त स्वरूपात उपलब्ध आहेत. बर्डचा जन्म प्राग येथील चार्ल्स विद्यापीठात झाला, तर एफआरराउटिंग हे जुन्या झेब्रा व क्वागा यांच्या परंपरेतील २०१७ चे अपत्य.

ही पद्धतही निर्धोक नाही, याचा धडा फार पूर्वीच मिळाला होता. २७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेट काही तास पूर्णतः ठप्प झाले. एका यंत्रात बिट गळाल्यामुळे एकाच निवेदनाच्या ४४, ४० आणि ८ अशा क्रमांकांच्या तीन प्रती जाळ्यात फिरू लागल्या. क्रमांक ६४ च्या चक्रात मोजले जात असल्याने प्रत्येक प्रत दुसरीहून नवी ठरे. प्रत्येक यंत्र तिन्ही प्रती आळीपाळीने ‘ताजी खबर’ म्हणून स्वीकारी व पुढे पाठवी. अशा रीतीने सारी यंत्रे याच कामात गुंतून पडली. यंत्रे पडली नव्हती, तारा तुटल्या नव्हत्या. एका सदोष यंत्राचे बोलणे सर्वांनी प्रामाणिकपणे पुढे पोहोचवले, इतकेच. स्थिर मार्गाच्या जाळ्यात असा रोग एका यंत्रातून सर्वत्र पसरला नसता.

विश्वासाचा प्रश्न

गतिमान पद्धत स्वीकारणे म्हणजे शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे होय, आणि ही गोष्ट प्रस्तावांतून फारशी लिहिलेली नसते. रिपच्या पहिल्या आवृत्तीत सांगणारा कोण आहे हे पडताळण्याची कोणतीच सोय नव्हती. जुन्या सोलारिस प्रणालीत सर्वसाधारण मार्ग लिहून ठेवला नसेल तर यंत्र सुरू होताना आपणच मार्ग ऐकून घेण्याचा उद्योग आरंभी. अशा ठिकाणी एखाद्या संगणकाने चुकून ‘बाहेरचा रस्ता माझ्याकडून आहे’ अशी घोषणा केली, की सर्वांची पॅकेट त्याच्याकडे वळत.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर २४ फेब्रुवारी २००८ रोजी घडली. संस्था-संस्थांमधील मार्गांसाठी बीजीपी नावाचा प्रोटोकॉल वापरला जातो. पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबकडे जाणारी वाट आपल्या देशापुरती बंद करण्यासाठी २५६ पत्त्यांचा एक मार्ग आपल्या सारणीत घातला. तो मार्ग बाहेर झिरपला आणि वरच्या हाँगकाँगस्थित कंपनीने न तपासता जगाला सांगितला. यूट्यूबची स्वतःची घोषणा १०२४ पत्त्यांच्या समूहाची होती. अधिक नेमकी नोंद मानावी, या वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे जगभरचे राउटर पाकिस्तानकडे वळले आणि सुमारे दोन तास यूट्यूब अनेक देशांत दिसेनासे झाले. यूट्यूबने तितक्याच, आणि मग त्याहूनही लहान समूहांची घोषणा करून आपली वाहतूक परत मिळवली. हेतू वाईट नसताना आणि प्रत्येक यंत्र नियमाप्रमाणे वागत असताना हा प्रकार घडला.

यावरून गतिमान पद्धत टाळावी असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. ओएसपीएफमध्ये बोलणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय आहे. ती चालू करावी. बीजीपीत कोणाकडून कोणते मार्ग ऐकावयाचे हे गाळणी लावून ठरविता येते, ती लावावी. मात्र ही कामे जाणकार माणसाने सतत पाहण्याची आहेत. तो माणूस कोण व त्याच्या गैरहजेरीत कोण, याचे उत्तर प्रस्तावात नसेल तर प्रस्ताव अपुरा समजावा.

निवड कशी करावी

पहिला प्रश्न वाटांच्या संख्येचा. बाहेर जाणारी वाट एकच असेल तर गतिमान मार्गनिर्धारणापासून काहीही लाभ नाही; तार तुटली तर जगातला कोणताही प्रोटोकॉल नसलेली वाट निर्माण करू शकत नाही. अशा ठिकाणी त्याकरिता पैसा खर्च करण्यापेक्षा तोच पैसा दुसऱ्या तारेसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

वाटा दोन असतील, पण दोन्ही एकाच खोलीतील एकाच राउटरवर येत असतील, तर मधला उपाय पुरतो. दोन स्थिर मार्ग पसंतीक्रम लावून लिहावेत आणि पलीकडचे टोक जिवंत आहे की नाही हे दर काही सेकंदांनी विचारून पाहणारा एक छोटा कार्यक्रम ठेवावा. उत्तर न आल्यास तो पहिली नोंद काढून घेतो व दुसरी लागू होते.

इमारती अनेक, राउटर अनेक आणि त्यांच्यात एकाहून अधिक वाटा, अशी स्थिती आली की मात्र हाताने लिहिण्याचा आग्रह सोडावा. कोणती तार तुटल्यास कोणी कोणाकडे वळावे याच्या शक्यता इतक्या वाढतात, की माणसाला त्या आधीच लिहून ठेवता येत नाहीत. विद्यापीठाचे आवार, मोठे रुग्णालय, जिल्ह्याचे मुख्य जाळे ही ओएसपीएफची स्थाने होत. बीजीपीची गरज दोन वेगळ्या सेवाकंपन्यांशी स्वतःच्या पत्त्यांनिशी जोडून घेणाऱ्या संस्थेलाच पडते. तिनेही जगाची संपूर्ण सारणी, जीत आज ९ लाखांहून अधिक नोंदी आहेत, मागविण्याचे कारण नाही. दोन्हींकडून सर्वसाधारण मार्ग घेतला तरी बहुतेकांचे भागते.

राउटरांनी गतिमान व्हावे याचा अर्थ मेजावरच्या प्रत्येक संगणकाने व्हावे असा नव्हे. सामान्य संगणकाने व सर्व्हरने एका सर्वसाधारण मार्गावर राहावे हेच बरे. तो मार्ग ज्या गेटवेकडे जातो, ते गेटवे मात्र दोन असावेत आणि दोघांनी एकच पत्ता वाटून घ्यावा. एक पडला की दुसरा तो पत्ता धारण करतो. यासाठी व्हीआरआरपी हा प्रोटोकॉल १९९८ पासून लिखित स्वरूपात आहे व ओपनबीएसडीने आपला कार्प नावाचा पर्याय तयार केला. संगणक स्थिर राहतात; धावपळ गेटवे करतात.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने वाटांच्या संख्येचा हा प्रश्न आज प्रत्यक्ष कामाचा झाला आहे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. हीच योजना पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. आरंभीच्या टप्प्यात तालुक्याच्या ठिकाणाहून गावाकडे एकेरी तार गेली, आणि एकेरी तारेच्या टोकाला असलेल्या गावासाठी स्थिर मार्गच योग्य होता. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात सुमारे २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती वर्तुळाकार पद्धतीने जोडण्याचे ठरले आहे. वर्तुळात प्रत्येक गावाला दोन दिशांनी वाट असते, आणि एक बाजू तुटल्यावर दुसरीकडे वळण्याचे काम तालुका व गाव येथील राउटरांनी स्वतःच करावयाचे असते. ग्रामपंचायत कार्यालयातील संगणकावर मात्र पूर्वीप्रमाणे एकच नोंद राहील. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी सरपंच किंवा ग्रामसेवक यांनी एका बाजूची तार मुद्दाम काढावयास लावावी आणि किती सेकंदांत जोडणी परत येते ते घड्याळ लावून पाहावे.